कुंपणं लावणारी सोमारीबाई

धानोऱ्यावरून पुढे जंगलात शिरलं की कोसमटोला लागतो. चाळीसेक घरं. त्यातल्या निम्म्याहून जास्त घरांमागच्या भाजीच्या वाडीला सोमारीबाई उसेंडीच्या हातचं कुंपण आहे. गुरं-बकऱ्या भाजीपाल्यात शिरू नयेत म्हणून ती कुठे काटेरी निवडुंग लावते, कुठे बिनकाट्याचा, पेन्सिलीसारख्या फांद्यांचा शेर. तिला बोलवावं लागत नाही. उन्हाळा सरत आला की तीच गावातून चक्कर मारते आणि कुणाच्या कुंपणाला भगदाड पडलंय ते घरमालकाला सांगून येते. तोडलेली फांदी ती लगेच पुरत नाही. आठ दिवस सावलीत ठेवते, चीक सुकू देते, कापलेलं तोंड सुकून बंद झालं की मग रोवते. हे तिला सासूने शिकवलं होतं.

मागच्या दिवाळीनंतर दिव्यानी नावाची मुलगी गावात आली. मूळची वरोऱ्याची, गडचिरोलीला वनस्पतिशास्त्र शिकणारी. खोडात पाणी साठवून झाडाएवढी वाढणारी झुडपं या जंगलात कोणकोणती आहेत आणि कुठे कुठे आहेत, याची नोंद तिला करायची होती. गावाने तिला सोमारीबाईच्या हवाली केलं.

शाळेच्या आवारात फड्या निवडुंग होता. सोमारीबाईने तो मोजणीत धरलाच नाही. काठीने टोचून त्यात पांढरा चीक नाही ते दाखवलं. दिव्यानीला गंमत वाटली, कारण तिच्या पुस्तकातही फड्याचं कूळ वेगळंच होतं. तो अमेरिकेतून आलेला, आणि हे चीकवाले एरंडाच्या कुळातले.

"एरंड याचा भाऊबंद?" सोमारीबाई म्हणाली. "मंग एरंडाले असा चीक काऊन नाई?"

दिव्यानीने प्रश्न वहीत लिहून घेतला.

दोघी महिनाभर हिंडल्या. दोघी एकमेकींना बाईच म्हणायच्या. सोमारीबाईची झाडांची वाटणी सोपी होती. गोल खोडाचा काटेरी निवडुंग उघड्या खडकावर आपोआप येतो. खोडाला पाच धारा असलेला बहुतेक देवाजवळ नाहीतर घराजवळ. शेर फक्त कुंपणाला. दिव्यानी मोबाइलवर जागा टिपायची, फांद्यांची मापं घ्यायची. चिकाचे हात डोळ्यांकडे नेऊ नयेत म्हणून सोमारीबाई तिच्यावर शाळेतल्या बाईसारखी नजर ठेवून असायची.

मग सोमारीबाई भाचीच्या लग्नाला चार दिवस बाहेर गेली. परत आली तेव्हा दिव्यानी तिच्या दारातच बसलेली. गावातल्या दोन मुलींना घेऊन ती ओढ्यापलीकडचा चढ चढून बरीच आत गेली होती आणि तिथे तिला अकरा शेर सापडले होते, दोन पुरुष उंचीचे. आसपास गाव नाही, शेत नाही. शेर मूळचा आफ्रिकेतला, आपल्याकडे लावला तरच असतो, असं ती शिकली होती. इथे तो रानात आपोआप पसरला असेल तर ती मोठी नोंद होती. कॉलेजातल्या मॅडमना तिने फोनही करून टाकला होता.

सोमारीबाईने फोटो निरखून पाहिले. शिकलेल्या मुलीला नाही म्हणायचं तिच्या जिवावर आलं होतं. पण म्हणाली.

"बाई, शेर आपल्या पायानं जात नाई. त्याले कोणीतरी नेलं हाये."

दिव्यानीचा चेहरा उतरला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती सोमारीबाईबरोबर पुन्हा तिथे गेली. सोमारीबाईने झाडांकडे पाहिलंही नाही. ती झाडांमधल्या मोकळ्या जागा पावलांनी मोजत सुटली. सात शेर एका ओळीत होते, मग ओळ काटकोनात वळली होती, पुढे चार. पालापाचोळा बाजूला केल्यावर सपाट दगडात कोरलेलं गुळगुळीत उखळ निघालं. दिव्यानी खाली बसून त्यात हात फिरवत राहिली.

"इथी घर होतं," सोमारीबाई म्हणाली. "आपण त्याच्या वाडीत उभ्या आहो."

संध्याकाळी त्या दसरूभाऊंकडे गेल्या. ते गावातले सगळ्यात म्हातारे. त्यांचा आजा ओढ्यापलीकडच्या टोल्यातून, छोट्या वस्तीतून, इकडे आला होता, एवढंच त्यांना माहीत होतं. टोला नेमका कुठे ते आज्यानेही कधी दाखवलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ग्रामसभेने वनहक्काच्या नकाशावर ती जागा गावाची जुनी वस्ती म्हणून नोंदवली. पुरावा म्हणून उखळ, कुंपणाची ओळ आणि दसरूभाऊंचा जबाब. दिव्यानीनेही अहवाल बदलला. रानटी शेराची नोंद गेली, पण कुठलं झाड जुन्या वस्तीची खूण ठरतं यावर नवं प्रकरण आलं, आणि माहिती देणाऱ्यांत पहिलं नाव सोमारीबाईचं. मॅडमना तेच प्रकरण सगळ्यात आवडलं.

होळीच्या आधी दसरूभाऊंना मोटारसायकलवर बसवून ओढ्यापर्यंत नेलं, तिथून खाटेवर. मागून अर्धं गाव भाताची हंडी घेऊन. म्हातारा उखळाशी बसून पोटभर जेवला, आणि ओढ्याकाठी जागा असताना आज्याने घर एवढं वर काऊन बांधलं, यावर लोकांशी वाद घालत बसला.