विमानात मागितलेला जोगवा

विमानतळावरच्या त्या खुर्चीत बसून मी अंबाबाईशी चांगलीच भांडले होते. मनातल्या मनात, पण भांडणच ते. माझ्या धाकट्या लेकीची, उज्ज्वलाची, दोन बाळंतपणं वाया गेली होती. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी पदर पसरून बोलले होते, की लेकरू सुखरूप हाती येईपर्यंत दर मंगळवारी आणि शुक्रवारी पाच घरचा जोगवा मागीन, आणि त्या दिवशी त्याच पिठाची भाकरी खाईन, दुसरं काही तोंडात घालणार नाही. आमच्या नांदूरघाटकडच्या बायकांना हे काही नवं नाही. गळ्यात कवड्यांची माळ, हातात वेताची परडी आणि अनवाणी पायांनी पाच दारांशी उभं राहायचं. कुणी पसाभर पीठ घालतं, कुणी चिमूटभर मीठ. दिवेलागणीच्या आत मागून झालं पाहिजे, एवढा एकच नियम कडक. पावसापाण्यात, अंगात ताप असतानासुद्धा मी एक वार चुकवला नव्हता.

आणि ऐन नवव्या महिन्यात, मंगळवारच्या दिवशी, मी मुंबईत अडकून पडले होते. जावई मस्कतला क्रेन चालवतात, उज्ज्वला तिकडेच. तिनं सगळं जुळवून ठेवलं होतं. सकाळचं विमान, दुपारपर्यंत मी तिच्या दारात, आणि त्यांच्याच बिल्डिंगमधली पाच मराठी घरं जोगव्यासाठी सांगून ठेवलेली. पण स्वस्तातलं विमान, त्याचा रुसवा काढणार कोण? उशीर, आणखी उशीर, असं सांगत सांगत दुपार कलली. तेवढ्यात जावयांचा फोन आला, "मामी, उज्ज्वलाला कळा सुरू झाल्यात. दवाखान्यात नेतोय." डॉक्टरांनी दिलेली तारीख अजून लांब होती. मी परडीकडे बघून म्हटलं, इतके दिवस माझ्याकडून दारं झिजवून घेतलीस, आणि आज शेवटच्या पायरीवर मला पाडतेस होय? असलं थट्टेचं देवपण मला नको.

रागाच्या भरात माणूस बोलून जातो. मग भीती वाटते, आणि मग रडू येतं. मी तशीच डोळे पुसत विमानात शिरले.

आत बघितलं तर सगळे कामगार. बाई म्हणावी तर मी आणि दोन हवाईसुंदऱ्या. नवे कोरे शर्ट घातलेले, दोरीनं आवळलेली खोकी नि पिशव्या वर कोंबणारे, आणि कानाला फोन लावून घरच्या कुणाला तरी "रडू नको" म्हणून सांगणारे पुरुष. माझं माहेर शिरूर कासारचं. लग्नाआधी आणि नंतरही कित्येक वर्षं मी ऊस तोडायला गेले आहे. कारखान्याला निघालेल्या ट्रॅक्टरवर बसताना आमची जी तोंडं व्हायची, तीच इथे ओळीनं बसली होती. खुर्च्या इतक्या अडचणीच्या की गुडघे समोरच्याच्या पाठीला लागत होते. ट्रॉलीत भांड्याकुंड्यांवर बसून गेलेल्या बाईला त्याचं काय वाटणार म्हणा.

हवाईसुंदरी आली आणि गोड आवाजात हिंदीत म्हणाली, ही टोपली पायाखाली ठेवा. देवीची परडी, आणि पायाखाली! मी ती छातीशी धरून ठाम बसून राहिले. शेजारचा तिशीतला दाढीवाला माणूस हळूच म्हणाला, "मावशी, वर ठिवतो की. माझा हात लागला तर चालंल का?" बोली ऐकून मी चमकले. तो मांजरसुंब्याजवळच्या खेड्यातला निघाला. नाव शकील, मस्कतला एसी दुरुस्तीचं काम. मी म्हटलं, "बाबा, तुझा हात कावून न्हाई चालायचा?" त्यानं दोन्ही हातांनी परडी उचलली आणि सगळ्या सामानाच्या वर, कशाचा भार येणार नाही अशी ठेवली. खाली बसल्यावर म्हणाला, "आमच्या दारात बी येती जोगवा मागाया बाई. अम्मी पसाभर पीठ घातल्याबिगर जाऊ देत न्हाई. तुमी कावून रडू लागल्या?"

मी त्याला सगळं सांगितलं. दवाखाना, कळा, नवस आणि बुडायला निघालेला दिवस. त्यानं खिडकीबाहेर बोट दाखवलं. "मावशी, दिवस कुटं बुडलाय? आपून त्याच्याच मागं चाललोय पश्चिमेला. लई येळ टिकल त्यो." माझ्या घड्याळात गावाकडची दिवेलागण व्हायला आली होती, आणि बाहेर मात्र सूर्य ढगांच्या वर नुसता लटकून होता, खाली जायचं नाव घेत नव्हता. शकीलनं त्याचं कारण सांगितलं ते खरंच असेल, त्याबद्दल माझा काही वाद नाही. पण माझ्यासाठी कुणीतरी दिवस धरून ठेवला आहे असंच मला वाटलं, आणि इतक्या वेळची माझी अढी तिथेच सुटली.

पण दिवस असून उपयोग काय, पाच घरं कुठून आणायची? तेव्हा सासूबाई आठवल्या. उसाच्या फडावर आम्ही कोपीत, पाचटाच्या झोपडीत राहायचो. ना दार, ना उंबरा. नवी सून असताना मी विचारलं होतं, इथे जोगवा कुणाच्या घरी मागायचा? त्या म्हणाल्या होत्या, "ज्याचं बोचकं जितं, त्याचं घर तितं." मी मान वर करून बघितलं. डोक्यावर दोन्ही बाजूंना बोचकीच बोचकी. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी माझी गत झाली होती.

मी चपला काढल्या, परडी मागून घेतली, कवड्यांची माळ गळ्यात घातली आणि त्या चिंचोळ्या वाटेत उभी राहिले. गावात हे करताना कधी लाज वाटली नव्हती. इथे इतक्या परक्या पुरुषांसमोर मात्र वाटली. कसंबसं म्हटलं, "अंबाबाईचा जोगवा..." एकानं लगेच खिशात हात घातला. शकील उठून हिंदीत म्हणाला, "अरे, भीख नहीं है ये! पैसा नहीं चलेगा. माता का जोगवा है, आटा-चावल जो घर से लाए हो, मुठ्ठीभर दो. माँजी की बेटी अस्पताल में है." आणि सगळ्यात आधी त्यानंच आपली पिशवी सोडली. अम्मीनं दिलेलं ज्वारीचं पीठ होतं. पसाभर माझ्या परडीत पडलं आणि गावच्या गिरणीचा वास आला. मला हुंदका आवरेना.

मग काय विचारता! मागच्या ओळीतले बिहारचे पांढऱ्या मिशांचे गवंडी चाचा सत्तू, म्हणजे भाजक्या हरभऱ्याचं पीठ, काढून उभेच होते. एक राजस्थानी सुतार शेतातल्या बाजरीचं पीठ घेऊन आला. तेलंगणातल्या एका रंगाऱ्याला माझी एक अक्षर भाषा कळत नव्हती, पण त्यानं बायकोनं बांधून दिलेली तांदळाची पिठी ओंजळीनं घातली आणि डोळे मिटून हात जोडले. चार घरं झाली. पाचवं काही मिळेना. कुणाकडे लोणचं, कुणाकडे लाडू, कुणाकडे बिस्किटं. शिजवलेलं नि तळलेलं जोगव्यात चालत नाही. एक बिचारा तर पिशवी उलटी करून शोधत होता.

एवढ्यात ती परडी पायाखाली ठेवायला सांगणारी हवाईसुंदरी तरातरा आली. आता ओरडणार, असं वाटून मी डोळे मिटले. तर ती चक्क मराठीत म्हणाली, "आजी, माझी आई पण करते हो हे." मागे पडद्याआड त्यांचं इवलंसं स्वयंपाकघर होतं, चहाचं पाणी तापत होतं. ती तिथून ओंजळभर मिठाच्या पुड्या घेऊन आली, एकेक फोडून परडीत घातल्या आणि लाल नखांचे हात जोडून कुंकवासाठी कपाळ पुढे केलं. पाचवं घर त्या विमानाचंच निघालं. मी "उदो गं अंबे उदो" म्हटलं आणि पाठोपाठ सगळं विमान आपापल्या भाषेत गरजलं. गवंडी चाचांनी टाळ्यांवर ठेका धरला. शेवटी त्या पोरीलाच सांगावं लागलं, आता कृपा करून सगळ्यांनी पट्टे लावा. आम्ही खाली उतरत होतो आणि सूर्यही आता कुठे समुद्राला टेकत होता.

मस्कतला फोन लागला तेव्हा जावयांना रडण्यामुळे बोलता येईना. मुलगी झाली होती. मायलेकी दोघी सुखरूप. किती वाजता झाली, हे मी आजवर विचारलेलं नाही. विचारून काय करायचं आहे? त्या रात्री मी चार गावांच्या पिठांची भाकरी थापली. सत्तूमुळे ती काही केल्या जुळेना, तव्यावर तुकडे झाले. इतकी गोड भाकरी मी जन्मात खाल्ली नाही.

इतके दिवस मला वाटत होतं, नवस मी चालवते आहे, माझ्या पायांनी आणि माझ्या हट्टानं. पाय थकले, हट्ट संपला, पुढची दारं दिसेनाशी झाली, तेव्हा कळलं की मागायचं तेवढं आपल्या हाती. कुणाच्या हातानं, कुठल्या उंचीवर आणि कुठल्या भाषेत द्यायचं, ते आई बघते. तिच्याशी भांडले म्हणून तिनं राग धरला नाही. आई कुठे लेकीचा राग धरते?

बारशानंतरच्या शुक्रवारी कामगारांना सुट्टी होती. आमच्याकडे नवस फिटला की जोगवा घालणाऱ्यांच्या पदरात लेकरू द्यायची रीत आहे. शकीलनं उतरतानाच सगळ्यांचे फोन नंबर घेतले होते. चौघेही आले, अंघोळ करून, अत्तर लावून. हवाईसुंदरी तेवढी कुठल्या आकाशात होती कोण जाणे. पुरणपोळी झाली आणि मी एकेकाच्या हातात नात दिली. गवंडी चाचांनी सिमेंटनं चिरलेल्या हातांत तिला अलगद घेतलं. त्यांची स्वतःची नात गावी जन्मली होती, चालायला लागली होती, आणि त्यांनी तिला अजून फोनवरच बघितलं होतं. बाकीचे निघाले, चपला घातल्या, दारात उभे राहिले. चाचा जागचे हलेनात. मान खाली घालून, लेकरू जागं होईल म्हणून अगदी हळू आवाजात ते मला म्हणाले, "अम्मा, थोड़ी देर और रख लूँ?"

मी दारातल्या तिघांना परत आत बोलावलं आणि चहाचं आधण ठेवलं.