तिने शिवलेल्या दोन सीटा

"जोर लावा की! मेल्यासारखे काय ओढताय?"

माझी बायको गच्चीवर सीटचं कव्हर ओढत होती आणि दुसऱ्या टोकाला मी फोमवर गुडघा दाबून बसलो होतो. जेद्दाच्या उन्हात रेक्झिन टाकलं की मऊ पडतं, मग चढतं. गार असेल तर फाटतं. बोटं मात्र भाजतात. तिचं बोट भाजलं की ती कानाची पाळी धरायची आणि वर मलाच हसायची. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम.

मी गाड्यांच्या सीटा करणारा माणूस. शाळा चौथीपर्यंत. मी कापायचो, बसवायचो. शिवायची ती, घरी, मोठ्या मशीनवर. तुम्ही तिला पाहिली असती तर म्हणाला असता, ही बाई भांडायलाच बसली आहे. सुईशी भांडायची, दोऱ्याशी भांडायची. सीट झाली की मला म्हणायची, "बसून बघा. ढुंगणाला कळतं, डोळ्याला नाही."

ही सीट कॉर्व्हेटची होती. अमेरिकन गाडी, त्रेसष्ट सालची, दोन माणसांची. मालक माझ्याच वयाचा सौदी. गाडी त्याच्या वडिलांची, आता विकायला काढलेली. माप घ्यायला मी बायकोला गॅरेजमध्ये नेलं, तर तिने आधी गाडीवर टकटक केलं.

"अहो, ही तर आपल्या गावच्या होडीसारखी वाजते!"

खरंच होतं ते. सांगाडा लोखंडाचा, पण वरचं अंग सगळं फायबरचं. रायगडच्या किनाऱ्यावर हल्ली होड्या असतात तसं. मालक खूश झाला. हिंदी त्याला येत होती. अंग गंजत नाही, पुढचे दिवे फिरून आत लपतात, मागचं प्रत्येक चाक आपापलं उसळतं, असं कौतुकाने दाखवत गेला. मग मागची काच दाखवली. तिच्या मधोमध उभी पट्टी, काचेचे दोन तुकडे. मागचं दिसत नाही म्हणून लोक कुरकुरले, तेव्हा कंपनीने पुढच्या वर्षी अखंड काच बसवली. कितीकांनी घरच्या गाडीची पट्टीसुद्धा कापून टाकली. याच्या वडिलांनी कापली नाही. आता न कापलेल्या गाडीला घराएवढी किंमत येते.

"म्हणजे मागचं दिसत नाही, त्याचे पैसे?" ती म्हणाली. मालक खोकला येईपर्यंत हसला.

जुनी कव्हरं कडेला फाटली होती. उसवून माप घेऊ, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "दुसऱ्याचा टाका मी उसवत नाही." वर्तमानपत्र अंथरून, सुईने टोचून तिने माप घेतलं. जुनी कव्हरं होती तशी पोत्यात राहिली.

गच्चीवर नवी कव्हरं चढवली त्याच दिवशी दुपारी सीटा गाडीत बसल्या. संध्याकाळी ती म्हणाली, छातीत दाबल्यासारखं होतंय. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा संपलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या, जोहरच्या नमाजानंतर दफन केली. इथे कबरीवर नाव लिहीत नाहीत. एक दगड असतो, सगळ्यांचा सारखाच.

आठवड्याने मालक घरी भेटायला आला. चहा तसाच ठेवला त्याने. तसबीची माळ फिरवत बसला. मग म्हणाला, "सदीक, दोस्ता, कसं सांगू?"

गाडी विकत घेणाऱ्याचा माणूस ती बघून गेला होता. त्याचं म्हणणं, या गाडीत कारखान्यातून आलेलं फाटकंही चालेल, नवं नको. नव्या सीटांनी किंमत पडते. मालक म्हणाला, "तू नको म्हणालास तर राहू देतो. अल्लाची शपथ, राहू देतो."

माणूस वाईट नव्हता. नाही म्हणता आलं असतं. पण मग ती गाडी कुठल्या तरी लांबच्या देशात जाणार आणि तिथला कुणी माझ्या बायकोने शिवलेली सीट शिव्या घालत फाडणार.

"काढतो," मी म्हटलं.

सकाळी गॅरेज उघडलं. पक्कड घेतली आणि कव्हर आतून धरून ठेवणाऱ्या तारेच्या कड्या एकेक तोडल्या. कव्हरं निघाली. दुसऱ्या कुठल्याही गाडीला ती बसायची नाहीत. घडी करून बाजूला ठेवली आणि पोत्यातली फाटकी एकट्यानेच चढवली.

मालक आला. वाकून आत पाहिलं. सीटवरून हात फिरवला.

"माशाल्ला," तो म्हणाला, "वडिलांच्या वेळी होती तशीच. मध्ये कुणाचा हात लागला असं वाटतच नाही."

मी म्हटलं, "नाही वाटत."