पोळ्याच्या दिवशी ढकललेली फटफटी

यवतमाळ जिल्ह्यात फटफटीला भाकर चारणारा माणूस एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझा साडभाऊ निघाला, याला माझा इलाज नव्हता. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको आपण पाहून करतो; साडभाऊ तिच्यासोबत न पाहता येतो. त्यांचं गाव बोरी अरबपासून दोन मैल आत, घरची कपाशीची शेती, आणि मी दारव्ह्याला शाळामास्तर. साठ-एकसष्टच्या सुमारास त्यांनी लष्कराच्या लिलावातून एक जुनी हिरवी फटफटी आणली. तिच्या डाव्या अंगाला माणूस बसायची एक पेटी जोडलेली होती. रोज सकाळी स्वतः न्याहारीला बसण्याआधी ते भाकरीचा चतकोर तिच्या दिव्यापुढं धरत, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत, आणि मग तो चतकोर गोठ्यातल्या वासराला नेऊन देत. वासराच्या पोटात गेलेली भाकर फटफटीला पोचते का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "तुमी शाळेत शिकवता थे पोरायच्या डोक्यात पोचते काय? तरी शिकवताच न?"

अख्खा तालुका फटफटीला 'ती' म्हणे, साडभाऊ 'तो' म्हणत. दुपारी बारा ते तीन ते त्याला चालवत नसत. उन्हाचं जनावर काढायचं नाही, हा त्यांच्या वडिलांचा नियम होता आणि वडिलांनी त्यात फटफटीचा अपवाद सांगितलेला नव्हता. केळापूरकडच्या एका लग्नाला आम्ही असेच निघालो. वाटेत बारा वाजले म्हणून चिंचेखाली थांबलो, तीनला निघालो, आणि पोचलो तेव्हा वऱ्हाडी मंडळी पान खाऊन परतीच्या गाड्या जुंपत होती. ओढा दिसला की ते उतरत, बादलीनं इंजिनावर पाणी घालत, आणि घालता घालता हळू आवाजात शीळ वाजवत. शीळ घातल्याशिवाय बैल पाणी पीत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण मागच्या सीटवर बसून ती शीळ ऐकताना आपण नक्की कुठं बसलो आहोत, याची मनाला शंका येई. चढ लागला की ते जिभेनं च्यक्‌ च्यक्‌ करत आणि त्यांचा डावा हात आपोआप मागं शेपटी पिरगाळायला येई. शेपटी नव्हती. माझं धोतर होतं. घाट चढून गेल्यावर मी दर वेळी धोतर नव्यानं नेसत असे.

यवतमाळच्या ज्या मिस्त्रीकडे ते दुरुस्तीला जात, तो स्वभावानं गरीब. इंजिन खोललं की हे शेजारी उकिडवे बसत, टाकीवरून हात फिरवत आणि "झालं, झालं, आता झालंच" असं म्हणत राहत. एकदा तो हात जोडून म्हणाला, "भाऊ, आप जरा बाहर बैठो. आपके सामने गाडी शरमाती है." हे खुशाल बाहेर जाऊन बसले. त्यांना ते पटलं होतं.

कोणाला वाटेल, माणूस जरा हललेला असावा. मुळीच नाही. सरकीचा भाव, कोर्टाची तारीख, पंचायतीचा कायदा, सगळ्यात तरबेज. गावातल्या निम्म्या लोकांचे अर्ज तेच लिहीत. मी एकदा धीर करून सरळच विचारलं, "साडभाऊ, तुम्हाला खरंच हे जनावर वाटतं का हो?" त्यांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "मी काय येडा हाओ काय मास्तर? मशीन हाय थे, मले मालूम हाय. पन राबते न माह्यासाठी?" माझी मेव्हणी आतून म्हणाली, "राबतो तर आमीबी, पन आमच्यासाठी नाही कोनी शीळ घालत."

या माणसाला एक सख्खा थोरला भाऊ होता आणि हट्टात तो याच्याहून पायरीभर वरच होता. वाटणी झाली तेव्हा धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, एका बाभळीवरून दोघांचं बोलणं जे बंद झालं ते झालंच. पुढं ती बाभूळ वादळात आपली आपण पडली, तिचं सरपण जळून गेलं, अबोला मात्र उभाच राहिला. वाटणीत वडिलांनी वाढवलेली पांढरी बैलजोडी होती. गोऱ्हे होते तेव्हापासून एका दावणीला. पंच म्हणाले, जोडी एकानं घ्या, म्हशी दुसऱ्यानं घ्या. दोघांनीही ऐकलं नाही. एकेक बैल घेतला. वर्षभर दोघंही गावातून दुसरा बैल मागून आणत आणि औत हाकत. वर्षातून एकच दिवस, पोळ्याला, ती जोडी गावच्या तोरणाखाली पुन्हा शेजारी उभी राही. उजव्या बैलाचा कासरा साडभाऊंच्या हातात, डाव्याचा थोरल्यांच्या. तोरण तुटून पोळा फुटेपर्यंत दोघं भाऊ हातभर अंतरावर, समोर बघत, एक शब्द न बोलता उभे. सहा वर्षं हे चाललं होतं. "बोलायचं नाही तर शेजारी उभं तरी कशाला राहायचं?" असं मी म्हटलं, तेव्हा साडभाऊ पहिल्यांदाच माझ्यावर उखडले. "तेवढा एक दिवस हाय मास्तर माह्यापाशी," ते म्हणाले, "थो तरी राहू द्या."

त्या वर्षी पोळ्याच्या आधी चार दिवस आम्ही तिघं फटफटीवरून चांद्याला गेलो. तिसरे आमच्या दारव्ह्याच्या दवाखान्यातले कंपाउंडर. ते अंगानं भरलेले, म्हणून पेटीत बसत. बसत म्हणजे पेटी अंगात घालत. चांद्याचा किल्ला पाहिला, देवीचं दर्शन घेतलं, आणि कंपाउंडरांनी औषधं कुटायला म्हणून एक भला थोरला लोखंडी खलबत्ता विकत घेतला. तसला खलबत्ता यवतमाळात पायलीनं मिळतो, पण प्रवासात माणसाची बुद्धी फिरते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी घरी पोचायचं असं ठरवून आम्ही परत निघालो. वणी मागं पडलं, मारेगावच्या पुढं आलो आणि बारा वाजले. तीन तास आंब्याखाली. उठलो तर पाऊस. यवतमाळ ओलांडून कसेबसे पुढं आलो तर नाल्याला पूर. अलीकडच्या वस्तीत एका ओळखीच्याच्या ओसरीवर पथाऱ्या टाकल्या. साडभाऊ मात्र नाल्याच्या काठावरून हलेनात. पाणी बघत बसले होते.

सकाळी पूर उतरला. घर आठ मैलांवर. फार तर अर्ध्या-पाऊण तासाची वाट, आणि पोळा फुटणार दुपार कलल्यावर. मी म्हटलं, देव पावला. कंपाउंडर पेटीत जाऊन बसले, खलबत्ता मांडीवर घेतला. साडभाऊ आले आणि त्यांच्याकडे बघत उभे राहिले.

"उतरा."

"काहून?"

"पोया हाय आज."

"मंग?"

"मंग काय? पोयाच्या दिवशी जुपते काय कोनी?"

कंपाउंडरांनी माझ्याकडे पाहिलं, मी आभाळाकडे पाहिलं. मग मी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, पोळ्याला पोचायचं आहे ना, जोडी लावायची आहे ना, असं त्यांच्याच वर्मावर बोट ठेवून पाहिलं. "पोचाचं त हायच," ते म्हणाले, "पन त्याच्या पाठीवर बसून नाही." सामानदेखील त्यांनी उतरवलं, सणाच्या दिवशी ओझं नको. दोन वळकट्या माझ्या डोक्यावर आल्या, खलबत्ता ज्याचा त्याच्या खांद्यावर गेला, साडभाऊंनी हँडल धरलं, आणि टाकी भरलेली, ठणठणीत चालू असलेली फटफटी ढकलत आम्ही चिखलातून घरी निघालो. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ गाढवपणा केला आहे, पण इतका शिस्तीत नाही.

मैलभर गेल्यावर कंपाउंडरांना एक मुद्दा सुचला. "पन भाऊ, ढकललं तरी चाकं फिरूनच राह्यले न? मंग मेहनत नाही झाली काय त्याची?" साडभाऊ फर्लांगभर चाकाकडंच बघत चालले. मुद्दा त्यांना लागला होता. मग म्हणाले, "पोयाले बैल नदीवर धुवाले नेता का नाही? पायीच नेता न? चालवाचं, जुपाचं नाही." कंपाउंडरांनी खलबत्ता या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.

रस्त्यानं लोक बैल धुऊन परतत होते. शिंगांना नवा बेगड, अंगावर गेरूचे ठिपके. जो भेटेल तो विचारी, "पेट्रोल सरलं काय भाऊ?" "नाही." "बिघडली?" "नाही." "मंग?" "पोया हाय न." माणूस मान हलवून पुढं जाई आणि दहा पावलांवर थांबून मागं बघे. बारा वाजले. मी वळकट्या उतरवायला झाड शोधू लागलो, पण साडभाऊ थांबले नाहीत. वडिलांचा नियम त्यांनी मोडलेला मी तो एकदाच पाहिला. तोंड लाल, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलात, तरी ढकलतच होते. तेव्हा कुठं मला कळलं की त्यांच्या छातीत काय चाललंय, आणि सकाळपासून मनात दिलेल्या शिव्यांची मला लाज वाटली.

दोन मैल राहिले तेव्हा कंपाउंडरांच्या घड्याळात चार वाजून गेले होते. ढकलत गेलो तर पोळा गाठणं शक्य नव्हतं. बसून गेलो तर सहज होतं. साडभाऊ थांबले. त्यांनी घाम पुसला, गावाकडं पाहिलं, आणि हळूच उजवा पाय किकवर ठेवला. मार बाबा, मार, एक लाथ मार, कोण बघतंय इथं, असं मी मनात ओरडत होतो. बराच वेळ तो पाय तिथं होता. मग त्यांनी तो खाली घेतला. "नाही जमत मास्तर," म्हणाले, आणि हँडल धरलं.

शिवेजवळ आलो तोवर गावातून डफड्यांचा आवाज येत होता. तो वाढत गेला, आणि एकदम सगळ्या गावाच्या तोंडून महादेवाचा गजर उठला. तोरण तुटलं. साडभाऊंनी चाकाखाली दगड सारला आणि रस्त्याच्या कडेला मातीतच बसले. "फुटला पोया," म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचीही त्यांना शुद्ध नव्हती. कंपाउंडर खलबत्ता खाली ठेवून दुसरीकडं तोंड करून उभे राहिले.

गावाकडून एक माणूस चालत येत होता. फेटा, कोरं धोतर, हात रिकामे. जवळ आल्यावर ओळखलं, थोरले होते. भावाकडं त्यांनी पाहिलंही नाही. फटफटीभोवती एक चक्कर मारली, चाकांचा चिखल पाहिला, माझ्या डोक्यावरच्या वळकट्या पाहिल्या, रिकामी पेटी पाहिली. मग मला म्हणाले, "मास्तर, इचारा त्याले. काल आवतन देलं होतं काय याले?"

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे हळद-तुपानं चोळतात आणि त्याला आवतन देतात: आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. दिवसभरात त्या फटफटीबद्दल मुद्द्याचा प्रश्न विचारणारा हा पहिलाच माणूस. साडभाऊ मातीकडं बघत मला म्हणाले, "सांगा, नाही देलं. नाल्यावर अडकलो होतो." दोघांत तीन हातांचं अंतर होतं, तरी मी निरोप पोचवला.

ते ऐकलं आणि थोरल्यांचा भडका उडाला. मी मधे आहे, हेच ते विसरले. "अबे, मंग बिनआवतनाचा घरी नेऊन राह्यला काय त्याले? लाज नाही वाटत तुले? बाप असता न आज, तर..." आणि तिथंच अडकले. आपण कोणाशी बोलतोय, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

साडभाऊ उठून उभे राहिले. "चुकलं दादा," म्हणाले. हा शब्द मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकला नव्हता.

थोरल्यांनी फेटा सारखा केला. फटफटीच्या दिव्यापुढं वाकले, हात जोडले, "आज आवतन घ्या, आजच जेवाले या," असं सावकाश म्हणाले, आणि डाव्या बाजूनं पेटीला खांदा लावला. साडभाऊ उजवीकडं. आम्ही दोघं मागं. बरंच पुढं गेल्यावर साडभाऊंनी विचारलं, "तुहा बैल कुठी हाय दादा?"

"गोठ्यात."

"तोरनाखाली नाही नेला?"

"एकल्याले कायले नेऊ?" थोरले म्हणाले.

भांडण मिटलं असं काही मी म्हणणार नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी दोघं त्या पडलेल्या बाभळीच्या जागेवरून कडाडून भांडले. मेव्हणीनं सांगितलं की आवाज पार नदीपर्यंत गेला होता, आणि सांगताना ती हसत होती. पुढची सगळी वर्षं ते असेच तोंड भरून भांडले. तोरणाखाली मात्र दोघं पूर्वीसारखेच गप्प उभे राहत. तिथं बोलायची त्यांना सवयच नव्हती.

थोरले गेले त्या वर्षीच्या पोळ्याला मी साडभाऊंकडे होतो. बैल दोन्ही थकले होते, पण रंगवून, झुली घालून त्यांनी दोघांना तोरणाखाली आणलं. उजव्याचा कासरा स्वतः धरला आणि डाव्याचा माझ्या हातात दिला. एवढ्या माणसांत त्यांनी मला तिथं उभं केलं, म्हणून काहीतरी बरं बोलावं असं माझ्या मनात आलं. मी तोंड उघडलं.

"मास्तर," साडभाऊ समोर बघतच म्हणाले, "नुसते उभे राहा. बोलू नका माह्यासंगं."

पोळा फुटेपर्यंत मी बोललो नाही.