बॉनेट न कापता

मिस्त्रींनी आयुष्यभर लोकांच्या गाड्या खोलल्या, पण थोरल्या बहिणीच्या गाडीला हात लावण्याआधी त्यांनी हात जोडले. त्या गाडीचं बॉनेट वडिलांनी रंगवलेलं. वडील रंगारी, आणि हे त्यांच्या हातचं शेवटचं काम. बॉनेटच्या आतल्या बाजूला, ओल्या रंगात उमटलेला त्यांचा अंगठा अजून तसाच होता.

जुनं इंजिन कायमचं बसलं. त्याच मापाचं दुसरं मिळेना. मिळालं ते चांगलं होतं, पण उंच.

ताई म्हणाली, "बसव तेच. पण धाकट्या, बॉनेटला करवत लावायची नाही."

"नाही लावणार." मिस्त्रींनी आधी शब्द दिला आणि मग माप घेतलं. स्वभावच तसा.

इंजिन चढलं. आता बॉनेट मिटल्यावर मधे किती फट उरते, ते दिसणार कसं? मिस्त्री स्वयंपाकघरात बायकोकडे आले.

"अगं, मुठीएवढी कणीक दे."

"भूक लागली?"

"मला नाही, इंजिनला."

इंजिनच्या माथ्यावरच्या एअर फिल्टरवर गोळा ठेवून त्यांनी बॉनेट अलगद मिटलं, उघडलं. गोळा वरच चिकटून लोंबायला लागला. बायको हसून म्हणाली, "वरून पीठ लावतात, हे इतकी वर्षं जेवूनसुद्धा कळलं नाही?"

पीठ लावलेला दुसरा गोळा नीट दबला. अर्धं बोट जाड. मिस्त्री खूश.

पण पहिल्याच चढावर, शेजारी ताई बसलेली असताना, आतून ठक्क आवाज आला. उघडून पाहिलं तर अंगठ्याच्या ठशापासून दोन बोटांवर रंग खरवडलेला.

शेजारचा पत्रेवाला म्हणाला, "भोक पाडा, वर टोपी बसवा. सगळे तेच करतात."

"काप बाबा," ताई तोंड फिरवून म्हणाली. "नुसती उभी ठेवून तरी काय करू?"

त्या तोंड फिरवण्यानं मिस्त्रींना दुपारी घास जाईना. बायकोनं ताट पुढे सरकवलं. "अहो, माप घेतलं तेव्हा इंजिन झोपलेलं होतं ना? झोपलेलं मूल पाळण्यात मावतं. जागं झालं की पाय बाहेर!"

मिस्त्री ताटावरून उठलेच. तिसरा गोळा ठेवून बॉनेट मिटलं, इंजिन चालू केलं. हँडब्रेक ओढून ते स्वतः गाडीत बसले, ब्रेक दाबून धरला आणि गिअर टाकून हलकेच जोर दिला. बायको दूर उभी राहून देवाचं नाव घेत होती. उघडलं तर गोळा एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला कागदासारखा पातळ. जोर आला की इंजिन कलंडत होतं.

मिस्त्री गाडीखाली शिरले. इंजिन ज्यांवर टेकतं ते रबर जुनेच लावलेले, पार मऊ पडलेले. शिवाय त्यांच्याखाली दोन जाड चकत्या! इंजिनचं बूड खाली घासू नये म्हणून त्यांनी स्वतःच घातलेल्या; खाली जागा तर चांगली दोन बोटं होती.

"काळजीनंच घात केला," ते खालूनच म्हणाले.

चकत्या निघाल्या, नवे टणक रबर आले, फिल्टरही बसका लावला. चौथा गोळा जोर देऊनही सगळीकडून सारखा निघाला.

ताईला घेऊन पुन्हा तोच चढ. चढ संपला तरी आवाज नाही. ताईनं वर गाडी थांबवायला लावली, बॉनेट उघडायला लावलं आणि ठशावर आपला अंगठा टेकवला.

"धाकट्या, बाबांचा अंगठा माझ्यापेक्षा लहान होता की रे!"

इकडे घरी बायकोनं काळे पडलेले चारही गोळे कपाळाला लावले आणि कुंडीतल्या मातीत पुरले.