चायनीज रेस्टॉरंटमध्ये नेलेला डबा

मागच्या मंगळवारी दुपारी इथे परदेशात, नेपरव्हिल गावातल्या एका चायनीज रेस्टॉरंटच्या मागच्या दारात मी डबा घेऊन उभा होतो. डब्यात पिठलं-भात. पायाखाली बर्फ, आणि मनात एकच... आतून कुणी हाकललं तर?

नीट सांगतो. आमच्या चर्चमधले काही जण दर मंगळवारी तिथल्या कामगारांना भेटायला जातात. ही माणसं रविवारी दिवसभर कढईपुढे, त्यांना चर्चला कसलं यायला मिळतं? म्हणून दुपारचं गिऱ्हाईक पांगल्यावर जो तासभर मिळतो, त्यात आम्हीच जातो. ग्रेसबाई त्यांच्या भाषेत पवित्र शास्त्र वाचतात, एखादं गीत होतं, प्रार्थना होते.

ग्रेसबाई मूळच्या चीनच्या, रिटायर्ड नर्स. माझी सून प्रिया गाडी चालवते. मी नगरकडचा सातवी शिकलेला माणूस... इंग्रजी मोडकंतोडकं, चिनी शून्य. घरी एकटा बसलो की नको ते विचार करतो, म्हणून प्रिया मला बरोबर नेते. मी कोपऱ्यात बसून त्यांच्या शेंगांच्या शिरा काढत बसतो. हाताला काम असलं की बरं वाटतं.

तिथला मुख्य आचारी लिन. पन्नाशीचा, बोलणं कमी. मी गेलो की खुर्ची पुसून देतो आणि न विचारता गरम पाणी आणून ठेवतो. त्याची आई तिकडे चीनमध्ये गावी वारल्याचं रविवारी ग्रेसबाईंनी फोनवर सांगितलं. त्याला जाता येणार नव्हतं. इथे राहण्याची त्याची केस अजून कोर्टात आहे, एकदा गेला तर परत येणं कठीण... आणि बायको, मुलगी इथेच. सुट्टीही घेतली नाही म्हणे. नीट जेवतही नाही.

ते ऐकल्यापासून एक गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. आमच्याकडे कुणी गेलं की त्या घरात चूल पेटत नाही. शेजारीपाजारी पिठलं-भात घेऊन येतात आणि समोर बसून दोन घास खायला लावतात. माझी आई गेली तेव्हा मलाही असंच बळेबळे भरवलं होतं. आणि हा माणूस आई गेलेली असताना जाळापुढे उभा राहून दुसऱ्यांसाठी नूडल्स परततोय...

मी प्रियाला म्हटलं, पिठलं-भात कर.

"पप्पा, रेस्टॉरंटमध्ये डबा घेऊन कोण जातं? तोही आचाऱ्यासाठी!"

"तू कर तर."

"आणि मालकीणबाई चिडल्या तर?"

हे तिने बोलायला नको होतं. मग माझ्या जिवाला तोच घोर. बाई कडक. आम्हाला येऊ देतात, पण स्वतः कधी प्रार्थनेला बसत नाहीत, घड्याळाकडे बघत काउंटरपाशी उभ्या असतात. माझ्या एका डब्यापायी सगळ्यांचा मंगळवार बंद झाला तर? शिवाय लिनने अजून बाप्तिस्मा घेतलेला नाही. दुःखात सापडलोय म्हणून हे मला खाऊ घालून ओढायला आलेत, असं त्याला वाटलं तर?

आत गेलो. लिन शेगडीपुढे, आमच्याकडे पाठ. दुसरे कामगार येऊन बसले, तो आला नाही. एका पातेल्यात सूप उकळत होतं, तो ते ढवळत राहिला. ग्रेसबाईंनी स्तोत्र वाचायला घेतलं, पण धूर ओढणाऱ्या पंख्याच्या घरघरीत मला त्यांचा आवाजसुद्धा येईना. त्याच्यापर्यंत काय पोचणार...

तेवढ्यात मालकीणबाई आल्या आणि माझ्या मांडीवरच्या डब्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाल्या.

झालं, म्हटलं. मी मराठीत सांगितलं, प्रियाने ते इंग्रजीत केलं, ग्रेसबाईंनी चिनीत. चूल पेटवत नाहीत, शेजारी जेवण आणतात, एवढंच.

बाई तरातरा शेगडीकडे गेल्या आणि एकेक बटण फिरवून सगळे बर्नर बंद केले. मग पंखा बंद केला.

इतकी शांतता झाली की नळाचं ठिबकणं ऐकू आलं. लिन हातात डाव घेऊन तसाच उभा. बाई त्याला काहीतरी बोलल्या आणि बाहेर निघून गेल्या.

ग्रेसबाई हळूच म्हणाल्या, "बस म्हणतायत. संध्याकाळचं गिऱ्हाईक येईपर्यंत इथं काही पेटणार नाही."

लिन एका पालथ्या बादलीवर बसला. मी डबा उघडला, आणि घाईघाईत थोडं पिठलं माझ्याच कोटावर सांडलं. त्याने एक घास घेतला. सावकाश चावला. मग ग्रेसबाईंना काहीतरी म्हणाला आणि त्या हसूच लागल्या.

"म्हणतोय, मीठ कमी आहे."

"पप्पांच्या बीपीमुळे!" प्रिया म्हणाली.

ते त्याला सांगितल्यावर सगळेच हसले. लिनही हसला... आणि हसता हसता त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. मोठमोठ्याने रडला तो. कुणी त्याला गप्प केलं नाही. मी नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवून बसलो.

मग तो आपणहून ग्रेसबाईंना म्हणाला, आईसाठी प्रार्थना करा. आणि तिचं नाव सांगितलं. एकदा नाही, दोनदा, आम्हा सगळ्यांना म्हणता येईपर्यंत.

आम्ही निघालो तेव्हा संध्याकाळचं गिऱ्हाईक यायची वेळ झाली होती, त्याने बर्नर पुन्हा पेटवले. डबा घासून, पुसून माझ्या हातात दिला.

तो पुढे बाप्तिस्मा घेईल की नाही, मला माहीत नाही. मी तो विचार प्रभूवर सोडलाय. एवढं एक तरी काळजीशिवाय सोडता आलं.

रोजच्या प्रार्थनेत आता मी त्याच्या आईचं नाव घेतो, आणि मालकीणबाईंसाठीही मागतो. त्यांचं नाव मी अजून विचारलेलं नाही... पण ज्याला सांगायचं, त्याला ते ठाऊक आहे.