टीव्हीतला मास्तर

नवीन जालन्यात आमच्या घरी टीव्ही आला, तेव्हा मी लग्नानंतर घरी बसून बी.ए. करत होते. दुपारी इंग्रजी बोलायला शिकवणारा कार्यक्रम लागायचा. सर एकेक वाक्य म्हणायचे आणि आपण म्हणावं म्हणून थांबायचे. सासूबाईंना ऐकू जाईल या भीतीनं मी नुसते ओठ हलवायचे.

एकदा एक बांगडीवाली पाणी मागायला आली. पाणी पिऊन झाल्यावर ती दाराशीच टेकली आणि टीव्हीकडं बघत राहिली. सर म्हणाले, "व्हेअर आर यू गोइंग?" तिनं मांडीवर थाप मारून मोठ्यांदा म्हटलं, "वेराऱ्यू गोईन?"

मला हसू फुटलं. "मावशी, चुकलं ना."

"चुकू द्या की ताई. त्यो मास्तर काय छडी घिऊन टीव्हीतून भाईर येऊन राह्यला?"

पुढचं वाक्य मी तिच्यासोबत मोठ्यानं म्हटलं. त्याच्या पुढचंही. कार्यक्रम संपला तशी ती टोपली उचलून गल्लीत निघून गेली. पुन्हा कधी दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी मी आवाज वाढवून बसले. सरांचं वाक्य झालं, माझं झालं, आणि स्वयंपाकघरातून सासूबाईंनीही तेच हळूच म्हणून पाहिलं.