समुद्रासाठी दहा मिनिटं

ऑटो अर्ध्या वाटेवर आला तेव्हा कळलं की विहीणबाई त्यात नाहीत. मी मधल्या बाकावर, मासळीच्या रिकाम्या टोपल्या घेऊन बसलेल्या दोन बायांच्या मध्ये होते. माझे यजमान, आमचे म्हातारे, सगळ्यात मागे, रस्त्याकडे तोंड करून बसायच्या फळीवर. व्याही पुढे ड्रायव्हरला चिकटून. मला वाटलं विहीणबाई मागे आमच्या म्हाताऱ्याजवळ आहेत. म्हाताऱ्याला वाटलं त्या माझ्याजवळ आहेत. व्याह्यांना काही वाटायचं कारणच नव्हतं. निघताना त्यांनी डोकं बाहेर काढून मागे पाहिलं होतं, लाल गमछा दिसला होता, आणि ते म्हणाले होते, "गाडी पूर्ण. चला." मग एक मासळीवाली उतरली, जागा झाली, म्हणून मी मान वळवून हाक मारली, "विहीणबाई, या इथं." मागून आमचे म्हातारे एकटेच माझ्याकडे पाहत राहिले. लाल गमछा त्यांच्या गळ्यात होता.

"रोको! रोको! लेडीज छूट गई!" व्याही ओरडले आणि ऑटो पुरता थांबायच्या आत रस्त्यावर उतरले. एक चप्पल आतच राहिली. दुपारचा एक वाजून गेला होता. ब्रह्मपूरहून आमची परतीची गाडी चारला होती. मागे गोपाळपूरचा समुद्र होता, आणि तो त्या दिवशी चांगलाच खवळलेला होता.

हे व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. जगात मागे पाहायचं काम आपल्या एकट्यावर सोपवलेलं आहे, असं समजून जगलेला दुसरा माणूस मी पाहिला नाही. दुर्गजवळच्या चरोद्याच्या यार्डातून मालगाड्या निघत, त्यांवर ते गार्ड होते. ड्रायव्हर पुढचं पाहतो, गार्ड शेवटच्या डब्यात एकटा बसून मागे गेलेलं पाहतो. तीस-बत्तीस वर्षं तेच केल्यावर माणसाची मान तशीच होते. रुआबांध्याला आमच्याकडे आले की फाटकातून आत यायच्या आधी एकदा सगळा रस्ता वळून पाहत. चहा उभ्यानंच, गुडघे थोडे वाकवून, कप छातीपासून हातभर लांब धरून पीत, कारण गार्डाच्या डब्यात झटका केव्हा बसेल सांगता येत नाही. आमच्या बैठकीत झटका कुठून यायचा? पण सवय. सकाळी घरून स्कूटरवर निघताना ते दारात हात वर करत, आणि आतून विहीणबाईंनी हात वर केल्याशिवाय स्कूटर हलत नसे. एकदा विहीणबाईंचे हात कणकेत होते. स्कूटर दारात फटफट करत उभी. दूधवाल्याला दया आली, त्यानं हात वर केला. व्याही म्हणाले, "तुमचा नाही चालत." शेवटी विहीणबाई कणकेचा हात घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "जा आता! नाही तं हाच हात लावीन तोंडाले."

गमछ्याची गोष्टही नोकरीतलीच. मालगाडीच्या शेवटच्या डब्याला मागे एक पाटी असते. ती पाटी समोरून गेली की स्टेशनवाल्याला कळतं, गाडी सगळी आली, मध्येच तुटून मागे काही राहिलं नाही. डबे मोजत बसावं लागत नाही. हीच युक्ती व्याह्यांनी माणसांना लावली. चार माणसं कुठंही निघाली की सगळ्यात मागे चालणाऱ्याच्या गळ्यात लाल गमछा. बाजारात, देवळात, मयतीलासुद्धा. वळून पाहायचं, गमछा दिसला की सगळे आले. माझ्या मुलाची वरात त्यांच्या मांडवाशी पोचली तेव्हा हे मुलीचे वडील, यांनी पुढे व्हायचं, तर हे गायब. नवरदेव दारात उभा, ओवाळायच्या ताटातल्या वाती विझायला आलेल्या. शोधलं तर पानठेल्यावर. माझा एक चुलत दीर, जरा घेतलेला, तिथं रेंगाळला होता. त्याच्या गळ्यात गमछा बांधून व्याही त्याला ढकलत आणत होते आणि लांबूनच सांगत होते, "आता येऊ द्या वरात. शेवटचा डबा भेटला."

असल्या माणसाबरोबर प्रवास सोपा असतो हे मी कबूल करते. आपण डोकं चालवायचंच नाही. म्हणून आमच्या क्वार्टरशेजारच्या ओडिया बाईनं मुलीच्या लग्नाला आपल्या गावी, ब्रह्मपूरला बोलावलं, तेव्हा मी तिकिटांचं व्याह्यांवर सोपवलं. शेजारणीनं मग त्यांनाही पत्रिका दिली आणि आम्ही चौघं गेलो. लग्न चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना शेजारणीचा भाऊ सहज बोलून गेला की समुद्र इथून ऑटोनं पाऊण तासावर आहे. विहीणबाईंनी कप खाली ठेवला. "मले पाहाचा आहे," त्या म्हणाल्या.

व्याह्यांना हे अजिबात पसंत नव्हतं. चारच्या गाडीला दोनला स्टेशनात हजर राहणारा माणूस तो. "समुद्र काय पाहाची गोष्ट आहे का? बालोदचा तांदुळा डॅम पाह्यला नं तुमी? त्याचा पल्याडचा काठ दिसते, याचा नाही दिसत. एवढाच फरक."

"तो फरकच पाहाले जातो मी."

"पंचेचाळीस मिनिटं जाणं, पंचेचाळीस येणं. ऑटोवाला सवारी भरेपर्यंत हालत नाही, ते अलग. जेवण इथीच करून निघा लागते. तिथं उभं राहाले उरते किती? दहा मिनिटं! दहा मिनिटांत कोन समुद्र पाहाते?"

"तुमीच म्हणून राहिले की त्यात पाहासारखं काही नाही. मंग दहा पुरतात."

ते माझ्याकडे वळले. "विहीणबाई, तुमीच सांगा. फायद्याचं आहे का हे जाणं?"

मला समुद्राचं काही नव्हतं. माझे गुडघे दुखत होते आणि मला गाडीत बसून झोपायचं होतं. पण विहीणबाई अशी एखादी वस्तू, एखादी जागा मागतात हे मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकत होते. त्यांच्याकडे रेल्वेचे पास होते, पण पासावर त्या गेल्या फक्त माहेरी आणि लग्नामयतीला. मी म्हटलं, "जाऊ. नाही गेलो तर दुर्गपर्यंत विहीणबाईंचं फुगलेलं तोंड मलाच पाहावं लागंल, तुमी तं वरच्या बर्थवर जाऊन झोपान."

तर गेलो. समुद्र मोठा होता. आवाज फार करत होता. लाटा उभ्या येऊन आपटत होत्या आणि पाणी परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेत होतं. व्याह्यांनी तिकडे एकदा पाहिलं, "हूं" म्हणाले, आणि त्याच्याकडे पाठ करून, मनगटावरचं घड्याळ समोर धरून, आलो त्या रस्त्याकडे पाहत उभे राहिले. विहीणबाईंनी मोबाइल व्याह्यांच्या थैलीत टाकला, चपला काढल्या, आणि गळ्यातला गमछा आमच्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर ठेवला. "भाऊ, धरा जरासा. भिजते." आमच्या म्हाताऱ्यानं मान हलवली. स्टील प्लांटात रोलिंग मिलच्या आवाजात जन्म गेला, त्यांना ऐकू फार कमी येतं, पण मान ते वेळेवर हलवतात. मला ऊन लागत होतं म्हणून मी आधीच ऑटोत जाऊन बसले. माझी चूक ती. मग व्याह्यांची दहा मिनिटं झाली, "चला, चला" झालं, म्हाताऱ्यानं गमछा गळ्यात घातला आणि ते मागच्या फळीवर चढले. पुढचं मी सांगितलंच आहे.

आम्ही रस्त्याच्या पलीकडे जाऊन उलट जाणारा ऑटो थांबवला. मी म्हटलं, "यांना लग्नघरचं सामान घेऊन स्टेशनावर पाठवू का? गाडी तरी..."

"जाऊ द्या गाडी," व्याही म्हणाले.

हे बोलणारा माणूस सख्ख्या भावाच्या लग्नातून अक्षता पडायच्या आत ड्यूटीवर गेलेला. ऑटोत ते एका पायात चप्पल घालून पुढे वाकून बसले होते आणि पहिल्यांदाच मागे पाहत नव्हते. थोड्या वेळानं म्हणाले, "तिले पोहता नाही येत."

"पोहायला कोण गेलंय? काठावर असतील."

"मोबाइल बी माह्या थैलीत आहे. मीच म्हटलं, ठेव इथी, भिजीन." मग, "भाषा बी नाही येत इकडची."

"हिंदी येते ना!"

"तिची हिंदी तं मलेच नाही समजत," ते म्हणाले. इतर वेळी मी हसले असते.

समुद्रावर पोचलो तर त्या उभ्या होत्या त्या जागी कोणी नव्हतं. जाळं विणत बसलेल्या एका माणसाला व्याह्यांनी विचारलं, "एक लेडीज देखे क्या? इधरीच खड़ी थी."

"कौन रंग का साड़ी?" त्यानं विचारलं.

व्याही त्याच्याकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे पाहिलं. सकाळपासून बाई बरोबर होती, दहादा मागे वळून पाहिलं होतं, पण पाहिला होता तो गमछा. बाईनं काय नेसलंय ते त्यांना सांगता येईना. "हिरवी," मी म्हटलं. "पीली किनार." त्या माणसानं मान हलवली, नाही पाहिली.

मग चपला दिसल्या. पाण्याच्या अगदी कडेला, दोन्ही शेजारी शेजारी, नीट काढून ठेवलेल्या. लाट येऊन त्यांना शिवून जात होती. व्याह्यांनी त्या उचलल्या, हातात घेतल्या, आणि तसेच, पँट वर न करता, पाण्यात निघाले. मी ओरडले. आमच्या म्हाताऱ्यानंही काही न ऐकता ओरडायला सुरुवात केली. गुडघ्याएवढ्या पाण्यात त्यांनी एकदा हाक मारली, "शकुन!" मला तोवर विहीणबाईंचं नावच माहीत नव्हतं. ते "अवो" म्हणत, आम्ही विहीणबाई. दुसरी हाक मारायच्या आत लाट आली आणि ते पडले. दिसेनासे झाले. जाळंवाला आणि आणखी एक जण धावले. त्यांनी काखेत हात घालून त्यांना बाहेर ओढलं, वाळूवर पालथं घातलं, पाठीवर थापट्या मारल्या. नाकातोंडातून पाणी आलं. चपला त्यांनी सोडल्या नव्हत्या.

वाळूवर उलट्या घातलेल्या होड्यांच्या मागून विहीणबाई तेवढ्यात आल्या. हिरवं लुगडं पोटरीपर्यंत ओलं, हातात उकडलेल्या शेंगांचा पुडा, बरोबर तीन मासळीवाल्या. त्यांनी आधी चपला पाहिल्या, मग नवरा पाहिला.

"हे काय करून राहिले? गाडी नाही का तुमची?"

व्याह्यांना बोलता येत नव्हतं. खोकला थांबल्यावर म्हणाले, "तू कुठी होती?"

"इथीच. या बायांसंगं बसली होती सावलीत. त्यायनं शेंगा देल्या."

"आमचा ऑटो गेला ते नाही दिसलं?"

"दिसलं नं."

"मंग आवाज कावून नाही देला?"

विहीणबाईंनी एक शेंग सोलली. "देला असता तं तुमी थांबले असते," त्या म्हणाल्या.

मला वाटलं व्याही आता चिडतील. मी असते तर चिडले असते. मला त्या बाईचा राग आलाच होता. पण ते उठून बसले, आणि ओल्या कपड्यांत, पाण्याकडे तोंड करून तसेच राहिले. विहीणबाई त्यांच्याजवळ बसल्या. पुडा मध्ये ठेवला. आम्ही दोघं म्हातारे जरा लांब, होडीला टेकून. व्याह्यांनी त्यानंतर घड्याळ पाहिलंच नाही असं मी म्हणणार नाही. तीनदा पाहिलं. त्यात पाणी शिरून ते एक वाजून चाळीस मिनिटांवर बंद पडलं होतं. पण चार वाजले ते त्यांना घड्याळाशिवाय कळलं.

"सुटली," ते म्हणाले.

"सुटू द्या," विहीणबाई म्हणाल्या.

सूर्य कलेपर्यंत आम्ही तिथं बसलो. परत लग्नघरी गेलो तेव्हा शेजारणीचे लोक मांडव उतरवत होते. त्यांनी काही न विचारता चार ताटं वाढली. व्याह्यांना रात्री ताप आला, दोन दिवस राहिला, मग आम्ही दुसऱ्या गाडीनं, आधी ठरवलं होतं त्याच्या तिसऱ्या दिवशी, दुर्गला उतरलो. जाणं फायद्याचं होतं का, हे मी त्यांना वाटेत विचारलं. ते खिडकीतून बाहेर पाहत होते. म्हणाले, "दहा मिनिटं कमीच सांगतली होती मी."

माझे यजमान त्याच वर्षी गेले. व्याही गेले त्याला दोन वर्षं झाली, घरीच, झोपेत. विहीणबाई चरोद्यालाच आहेत, मुलाकडे. मी इथं आहे.